तारखेची जागा मोकळी

माझ्या एका विद्यार्थ्याला अख्ख्या इंग्रजी भाषेतलं एकच वाक्य हवं होतं. तो नुकताच नगरसेवक झाला होता. पन्नाशीचा गृहस्थ, मिशांना कलप. म्हणाला, "बाई, ग्रामर नको, स्पेलिंग नको. ते पॉइंट ऑफ ऑर्डरचं, सभेत हरकत घ्यायचं वाक्य तेवढं तोंडात बसवा." आठ दिवस मी ते त्याच्याकडून घोकून घेतलं. पुढच्या सभेत कुणाला तरी श्रद्धांजली वाहायला सगळे उठून उभे राहिले. याला वाटलं, उभं राहायची वेळ आली म्हणजे वाक्याचीही आली. त्या शांततेत त्याने ते खणखणीत म्हटलं. दुसऱ्या दिवशी मला विचारायला आला, "उच्चार बरोबर होता ना?"

मी नाशिकच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत असे. शाळा सकाळची. दुपारी पंचवटीत एका स्टेशनरीच्या दुकानावरच्या खोलीत माझा स्वतःचा वर्ग चाले. बाहेरच्या पाटीवर दोन ओळी होत्या: इंग्रजी लिहायला-बोलायला शिका, इंग्रजी अर्ज व मसुदे तयार करून मिळतील. मसुदा म्हणजे पत्राचा कच्चा मजकूर. माणूस त्याला काय म्हणायचंय ते मराठीत सांगे, मी ते इंग्रजीत कागदावर उतरवून देई आणि पुढे तो ते टाइप करून घेई. माझे मसुदे नावाजलेले होते. एका वकिलांनीही विचारलं होतं की हे कुणी लिहिलं. त्याचा मला अभिमान होता, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्याच्या मुळाशी तोच आहे.

निवडणुकीत आपली माणसं किती इंग्रजी बोलतात हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नसतं. तिकीट, पॅनेल, फॉर्म, बूथ, डिपॉझिट, सिम्बॉल. रोजच्या वापरातले हे शब्द आता मराठीच झालेत असं सगळ्यांना वाटतं. धोका असतो तो ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांचा. निफाडकडचा एक अपक्ष उमेदवार माझ्याकडे आला होता. त्याला कुणीतरी म्हणालं, "ही विथड्रॉवलची स्लिप आहे, यावर सही करून ठेव, म्हणजे नंतर डिपॉझिट परत मिळायला त्रास नको." बँकेत विथड्रॉवल स्लिपवर सही केली की पैसे मिळतात, एवढं त्याला माहीत होतं. त्याने केली. संध्याकाळी उमेदवारांची अंतिम यादी लागली तेव्हा तिच्यात त्याचं नाव नव्हतं. त्याने स्वतःच अर्ज मागे घेतला होता. इंग्रजी शिकायला तो त्यानंतर आला.

ही गोष्ट ऐकून मी हादरले होते. हादरले, वर्गात चार वेळा सांगितली आणि विसरले.

नव्वदच्या दशकात ग्रामपंचायतींमध्ये बायकांसाठी राखीव जागा आल्या आणि माझ्या वर्गात अचानक बायका दिसू लागल्या. पहिली आली ती विमल. नाशिकपासून अर्ध्या तासावरच्या गावची. घरची मळेवाली माणसं, कोथिंबीर, मेथी, शेवंती. पहाटे नवऱ्याबरोबर माल घेऊन बाजारात यायचं, दुपारी मोकळ्या टोपल्यांसह एसटीने परत जायचं, असा तिचा दिवस. सातवी शिकलेली, बत्तीस-तेहतीस वर्षांची, आणि गावची सरपंच.

"तुला इंग्रजी कशाला हवंय?" मी विचारलं.

"मीटिंगमध्ये गडी माणसं मध्येच इंग्रजी टाकतात, बाई. पहिल्या मीटिंगला मी बसले. एक जण म्हणला, कोरम नाय. मला वाटलं, कॅरम. म्हणलं, मीटिंगात कॅरम कशाला पाहिजे. मग सगळे उठले, मीटिंग कॅन्सल म्हणले. मी घरी गेले. नंतर कळलं, मी गेल्यावर ते परत बसले, अन् ठराव लिहून मोकळे झाले. खाली माझी सही घ्यायला घरी आले."

"केलीस?"

"केली. तवा करत व्हते."

कोरम म्हणजे सभा भरायला लागणारी कमीत कमी माणसं, हे मी तिला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "म्हणजे मी उठून गेले तवाच कोरम कमी झाला असंल. त्याच्या आधी पुरा व्हता."

मला त्या क्षणी ती आवडली.

महिन्याभरात सात जणी झाल्या. बहुतेक सदस्य, दोघी सरपंच. त्यांच्यात निफाड तालुक्यातली मंदाबाई होती. द्राक्षबागायतदाराची बायको, अबोल, पदर नेहमी खांद्यावरून घेतलेला. मी त्यांना पुस्तक लावलंच नाही. रोज फळ्यावर पाच शब्द, त्यांचे अर्थ, आणि तो शब्द त्यांच्या गावात कुणी, केव्हा वापरला ते त्यांनी सांगायचं. अजेंडा, मायनॉरिटी, मेजॉरिटी, कास्टिंग व्होट, व्हिप. व्हिप म्हणजे मुळात चाबूक, हे कळल्यावर एकीने विचारलं, "मग आदेश का म्हणतात? चाबूकच म्हणायचं." इतकी वर्षं मी दहावीच्या मुलांना शिकवलं, पण शब्दाला असं हात लावून पाहणारे विद्यार्थी मला मिळाले नव्हते.

एका दुपारी मी फळ्यावर एकसारख्या शेवटाचे शब्द लिहिले. इलेक्शन. नॉमिनेशन. रिझर्व्हेशन. रेझिग्नेशन. शेवटची चार अक्षरं, टी-आय-ओ-एन, सारखी आहेत, ती नीट पाहा, असं सांगत होते. विमलने लिहायचं थांबवलं.

"बाई, तो शेवटचा शब्द माझ्या घरी हाय."

"घरी म्हणजे?"

"कपाटात. रेशनकार्डाच्या पिशवीत कागद हाय, त्याच्यावर. मोठ्या अक्षरात, वरती मधोमध. अर्थ काय त्याचा?"

"राजीनामा," मी म्हणाले.

मीच विचारलं, कसला कागद. तिने सांगितलं ते असं. निवडणुकीचा फॉर्म भरायच्या दिवशी पॅनेलच्या अण्णांच्या घरी सगळे जमले होते. अण्णा म्हणजे गावातले कारभारी. तिकीट कुणाला द्यायचं ते तेच ठरवत. विमलपुढे पाच-सहा कागद आले. एक इंग्रजीत होता. अण्णा म्हणाले, हे हमीपत्र, पॅनेलशी प्रामाणिक राहीन म्हणून. तिने सह्या केल्या. तिचा नवरा रामदास बाजारात पोळलेला माणूस होता. सही केलेल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स घ्यायची त्याला सवय होती. त्याने सगळ्यांच्या झेरॉक्स काढल्या आणि पिशवीत ठेवल्या.

मी खडू खाली ठेवला. बाकीच्यांकडे पाहून विचारलं, "आणखी कुणी सही केली आहे? इंग्रजी कागदावर?"

पेठकडच्या एका सदस्याने हात वर केला. मग आणखी एकीने. शेवटी मंदाबाईने, खाली बघत, कोपर बाकावरच ठेवून, नुसती बोटं उचलली. सातांपैकी चौघी. अण्णा एकाच गावात होते, पण कागद चार गावांत पोचला होता. या बायका निवडून येण्याच्या आधीच राजीनामा देऊन बसल्या होत्या, आणि ते मी शब्दांच्या शेवटची चार अक्षरं शिकवत असताना उघड झालं होतं.

दुसऱ्या दिवशी विमलने झेरॉक्स आणली. घडी उलगडून माझ्यासमोर ठेवली. सगळ्या जणी भोवती उभ्या राहिल्या.

वर मथळा. त्याखाली पहिलं वाक्य: ओइंग टु अनअव्हॉइडेबल डोमेस्टिक सर्कमस्टन्सेस. टाळता न येणाऱ्या घरगुती अडचणींमुळे. पुढे पदाच्या नावाची जागा कोरी. खाली तारखेची जागा कोरी. आणि विमलची गोल, सातवीतली सही.

ते वाक्य माझं होतं.

शंका यायला जागाच नव्हती. त्यात 'विथ अ हेवी हार्ट', म्हणजे जड अंतःकरणाने, होतं, आणि त्यापुढे मी नेहमी घालत असे ते आभाराचं वाक्यही होतं. अण्णा स्वतः माझ्याकडे आले होते, निवडणुकीच्या आधी. पांढरे कपडे, बोलणं गोड. "मॅडम, राजीनाम्याचा मसुदा पाहिजे. इंग्लिशमध्ये, एकदम सभ्य." मी विचारलं, कुणाचा? "आमच्या सोसायटीतली माणसं आहेत. दोन-तीन जागी लागेल." पद कोणतं? "ते मोकळं सोडा, मी भरतो." तारीख? "तीपण मोकळीच राहू द्या." त्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, असं इंग्लिश नाशकात कुणी लिहीत नाही. मी त्यांना चहा पाजला.

मराठीत का नको, हे मी विचारलं नव्हतं. आता माझ्या वर्गात, सात बायकांच्या मध्ये उभं राहून मला ते कळलं. मराठीत असतं तर विमलने ते वाचलं असतं.

मी त्यांना मजकुराचा अर्थ सांगितला. निम्मा सांगितला खरं तर. खालपर्यंत वाचायचं त्राण राहिलं नव्हतं. पण हे मी लिहिलंय, एवढं सांगितलं नाही. कागद घडी घालून परत दिला आणि सगळ्यांना लवकर घरी पाठवलं.

पंधरा दिवस मी तशीच शिकवत राहिले. मग एका गुरुवारी, वर्ग नसताना, विमल आणि रामदास जिना चढून आले. गावची गायरान जमीन एका प्लॉटवाल्याला देण्याचा ठराव अण्णांनी आणला होता, आणि विमलने तो वाचून सही नाकारली होती. त्यानंतर चार दिवसांनी ग्रामसेवकाने तिला सांगितलं, की तुमचा राजीनामा पंचायत समितीच्या सभापतींकडे पोचलाय.

"तारीख घातली," रामदास म्हणाला. "आता काय करायचं?"

राजीनामा खोटा आहे असं म्हणायचं असेल तर सात दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, एवढं मी एका वकिलांना विचारून घेतलं. अर्ज मी लिहिला. मराठीत. लिहून झाल्यावर विमल सही करायला पुढे झाली आणि मी तिचा हात धरला.

"आधी वाच. आणि आधी माझं ऐक. तो इंग्रजी मजकूर मी लिहून दिला होता अण्णांना. कुणासाठी ते मला माहीत नव्हतं. पण पद आणि तारीख कोरी सोडा म्हणाले तेव्हा मी का म्हणून विचारलं नाही. हे मी सुनावणीत सांगीन."

रामदास उभा राहिला, परत बसला. विमल अर्ज वाचत होती. पूर्ण वाचला. सही केली. पेनला टोपण लावलं.

"मला तो शब्द कळत नव्हता, म्हणून मी सही केली," ती म्हणाली. "तुम्हाला तर कळत व्हता, बाई."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

सुनावणी एका मध्यमवयीन अधिकाऱ्यापुढे झाली. अण्णा वकील घेऊन आले होते. मी उभी राहिले आणि सांगितलं, हा मसुदा माझा, निवडणुकीच्या आधीचा, त्यात पद आणि तारीख मुद्दाम मोकळी ठेवायला सांगितली होती. वकिलांनी मला नमस्कार केला आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही असे किती मसुदे दिलेत आजवर?"

"पुष्कळ."

"मग या बाईंनी सही कोणत्या दिवशी केली, हे तुम्हाला कसं माहीत?"

"माहीत नाही."

"तुम्ही मजकुरात जागा कोरी सोडलीत तेव्हा तुम्हाला संशय आला?"

"नाही."

"का?"

अधिकाऱ्यांनी मला बसायला सांगितलं. रामदासच्या झेरॉक्सचंही तसंच झालं. वकील म्हणाले, तारखेवर आणि पदावर कागदाच्या पट्ट्या लावून झेरॉक्स काढली की जागा कोरी दिसते. हा काय पुरावा. मला वाटलं, संपलं.

अधिकाऱ्यांनी मूळ राजीनामा विमलपुढे सरकवला. "ही सही तुमचीच ना?"

"हो, साहेब."

"वाचता येतं?"

"थोडं थोडं."

ती वाचू लागली. मनात नाही, बोट ठेवून, एकेक अक्षर, आम्हाला ऐकू जाईल असं. मथळा वाचला. माझं वाक्य तिने सोडून दिलं. ते लांब होतं. खाली गेली. तारीख वाचली, मार्गशीर्षातली होती. मग त्याच्याखाली, डब्ल्यू, आय, टी, एन. तिने मान वर केली. "विटनेस. साक्षीदार. दोन हायेत." मग टाइप केलेलं पहिलं नाव ती जुळवू लागली. तिला बराच वेळ लागला. अण्णांच्या वकिलांनी घड्याळ पाहिलं.

"हे तर आमच्या गावातले नाना," ती म्हणाली. "शेजारी अंगठा हाय, तो त्यांचाच असंल."

"मग?" अधिकारी म्हणाले.

"नाना पितृपक्षाच्या आधीच वारले, साहेब. मार्गशीर्षात अंगठा कुठनं दिला?"

मी अण्णांकडे पाहिलं. ते स्वतः नानांच्या दहाव्याला गेले असणार. सगळं गाव गेलं होतं. तारीख घालताना त्यांनी विमलचा विचार केला, सभापतींचा केला, ठरावाचा केला, पण त्या कागदावर आणखी एक माणूस आहे आणि तो आता नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मृत्यूचा दाखला आहे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"आमच्याच ग्रामपंचायतीत नोंद हाय. सरपंच मीच हाय," विमल म्हणाली. "अजून."

दाखला दोन दिवसांत आला आणि राजीनामा खोटा ठरला. विमल सरपंच राहिली. गायरानाचा ठराव तेवढा काळ तरी अडला. वर्षभराने अण्णांनी तिच्यावर अविश्वासाचा ठराव आणला. तो मात्र कायद्याने आणला, सभा बोलावून, हात मोजून. ती हरली. त्या दिवशीही ती वर्गाला आली आणि म्हणाली, "नो कॉन्फिडन्स झालं, बाई. कोरम पुरा व्हता. मोजला मी." मग वही उघडून बसली. पण माझ्याजवळच्या पहिल्या बाकावर ती पुन्हा कधी बसली नाही. खिडकीशी बसे. मी पाटीवरची दुसरी ओळ पुसून टाकली. ज्याच्यासाठी लिहायचं तो माणूस समोर बसल्याशिवाय त्यानंतर मी एक ओळही लिहिली नाही.

सुनावणीनंतर कागदावर सही केलेल्या बाकीच्या तिघी वर्गाला यायच्या बंद झाल्या. घरच्यांनी थांबवलं असेल, असं मी धरून चालले. विमलचा निकाल मी कितीतरी जणांना सांगितला. शिकवण्याचं चीज झालं, असं लोक म्हणत, आणि मी ते म्हणू देत असे.

दहाएक वर्षांनी, मी निवृत्त झाल्यावर, निफाडला एका लग्नात मंदाबाई भेटली. केस पिकले होते. मी तिला ओळखलं, तिने मला आधी ओळखलं होतं. मांडवात खुर्च्या ओढून आम्ही बसलो. मुलं कुठे असतात, बाग कशी आहे, झालं. मग मी विचारलं, "तुझ्या त्या कागदाचं पुढे काय झालं गं?"

"लागला ना तो. मेंबरकी गेली. तुमच्या सुनावणीनंतर पंधरा दिवसांतच."

"अगं, मग माझ्याकडे का नाही आलीस? विमलचं झालं होतं की. तसाच अर्ज आपण…"

"तसा नसता चालला, बाई." ती शांतपणे सांगत होती, जुनं दुखणं सांगावं तशी. "विमलची बातमी आमच्याकडं दुसऱ्याच दिवशी आली. आमच्या लोकांनी मग सगळे कागद बाहेर काढले. साक्षीदार जिवंत हायेत का, ते आधी तपासलं. एक वारला व्हता, तो कागद फाडला अन् नव्यावर सही घेतली. आमच्या मालकांनीच माझा हात धरून घेतली. तवा मला शब्द वाचता येत व्हता."

बँड सुरू झाला, थांबला. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"जेवलात का, बाई?" तिने विचारलं.

मी हो म्हणाले. जेवायची होते अजून.